पन्हळीतलं डबकं

दुकानाच्या छपरावर, कठड्याच्या आत, पुढील वस्तू होत्या : टिनाचे पत्रे चौदा, त्यांपैकी गंजून भोकं पडलेले तीन. पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड एकोणीस. चपला सात, सातही डाव्या पायाच्या. सायकलचा टायर एक. डिश अँटेना एक, तोंड खाली. पतंगाचे सांगाडे दोन. पाणी जाण्यासाठी कठड्याच्या बुडाशी ठेवलेली भोकं तीन. त्यांतली दोन पाचोळ्याने बुजलेली आणि तिसऱ्याच्या बाहेरच्या तोंडाशी गांधीलमाश्यांचं घर. माश्याही मोजायला घेतल्या होत्या, पण त्या एका जागी थांबत नाहीत आणि मोजणारीला एका जागी थांबू देत नाहीत.

खाली उतरून पप्पांना चपलांबद्दल विचारलं. त्यांनी वहीतून मान वर न करता विचारलं, "मंग उजव्या कुठं हायेत?" संशोधनाला घरातून पाठिंबा असा मिळतो.

मी छपरावर गेले होते ती मोठीआईच्या पाण्यासाठी. मोठीआई म्हणजे माझ्या मोठ्या काकांच्या मागे राहिलेल्या अंगुरीबाई. केनवडच्या बाजारातलं 'कस्तुरचंद भांडी भांडार' हे दुकान माझ्या पप्पांचं, पण त्यांना विचाराल तर ते मोठीआईचं. दुकानाला लागून अंगण, अंगणामागे घर, आणि घरात आम्ही तिघं. यंदा चातुर्मास लागला तेव्हा मोठीआईने नियम घेतला : यापुढे पाणी प्यायचं ते विहिरीचं किंवा आभाळाचं, आपल्या हाताने गाळलेलं. नळाचं नाही, बोअरचं नाही, बाटलीचं तर नाहीच. आमच्या अंगणातली विहीर आजूबाजूच्या बोअरांनी केव्हाच कोरडी केली आहे. तिच्यात आता फक्त आवाज उरतो. 'ओ' म्हटलं तर ती जरा विचार करून 'ओ' म्हणते.

मग पप्पा रोज सकाळी मोटारसायकलवर शालिग्रामकाकांच्या मळ्यात जायचे. तिथे जुनी बांधीव विहीर आहे. जाताना त्यांच्याजवळ एक छोटा पितळी डबा असायचा, येताना पाण्याची कॅन. डब्यात काय, हे सांगायला हवं. पाणी गाळताना कापडावर जे सूक्ष्म जीव राहतात ती जीवाणी. ती फेकायची नसते. गाळलेल्या पाण्याने कापड अलगद धुऊन, ज्या पाण्यातून ती आली त्याच पाण्यात परत सोडायची असते. म्हणजे पप्पा रोज काही लाख अदृश्य प्रवाशांना मागच्या सीटवर घेऊन, खड्डे चुकवत, त्यांच्या घरी पोचवून यायचे.

पप्पांची कुरकूर नव्हती. मोठीआईची होती.

"भाऊजी," ती एक दिवस म्हणाली, "एका लोट्यासाठी तुमी रोज पेट्रोल जाळून राह्यले. त्या धुरात किती जीव मरत असतीन? हे पानी मले गोड लागत नाई. दिवाळी झाली का मी जिनलकडं जऊळक्याले राह्यले जाते. तिच्या आंगनात विहीर हाय."

"किती दिवस, वहिनी?"

"आता राह्यलेच म्हन्ल्यावर दिवस कायचे मोजता?"

जिनल तिची भाची. जऊळक्याला तिच्या घरासमोरून आगगाडी दिसते. पप्पा दुकानात येऊन बसले आणि बराच वेळ एकच पातेलं पुसत राहिले. "गाड्या बी दिसतात तिथं," ते म्हणाले. पातेलं आधीच चकचकीत होतं.

दुसऱ्या दिवशी मोठीआईने माळ्यावरची तिची लोखंडी पेटी खाली काढली, तिच्यात पांढऱ्या साड्या ठेवल्या आणि निळ्या नायलॉनच्या दोरीने पेटी करकचून बांधली. दिवाळीला अडीच महिने होते. तिचं सगळं वेळेआधी असतं.

मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आहे. विहिरीत पाणी आणणं माझ्या विषयात बसत नाही, पण आभाळाचं पाणी एका जागी आणणं बसतं. आमच्या दुकानाचं टिनाचं छप्पर रस्त्याच्या बाजूला उतरतं आणि पुढे तीन फूट उंच कठडा आहे, कारण टिन रस्त्यावरून दिसलं तर गिऱ्हाइकाला दुकान गरीब वाटतं, असं पप्पांच्या वडिलांचं मत होतं. त्यामुळे पाऊस पडला की पाणी पत्र्यांवरून उतरतं, कठड्याला धडकतं आणि पुढे काय करायचं ते न सुचून तिथेच बसून राहतं. त्या जागी, पत्र्यांची कड आणि कठडा यांच्या मधोमध, एक चौकोनी, पेटीसारखी पन्हळ बसवायची. तिला अंगणाच्या बाजूला उतार. टोकाला पाइप. पाइप थेट अंगणातल्या टाकीत. टाकीतून मोठीआईचा लोटा.

कागदावर हे फार सुंदर दिसत होतं. छपराचं क्षेत्रफळ त्रेसष्ट चौरस मीटर. तासाला शंभर मिलिमीटरचा पाऊस धरला तर सेकंदाला पावणेदोन लिटर पाणी. त्यासाठी पन्हळ वीस सेंटिमीटर रुंद, पंधरा खोल, दोनशेला एक उतार. आणि पाइप तुंबलाच तर पाणी आत न शिरता रस्त्याकडे पडावं म्हणून कठड्यातून एक आडवी फट. त्या रात्री मला स्वप्न पडलं की मी पाण्याचा थेंब आहे आणि दोनशेला एक या उताराने सावकाश, कुणालाही न धडकता, घरी चालले आहे.

सकाळी दुकानाच्या पायरीवर शालिग्रामकाका बसले होते. त्यांची शेती मुलगा बघतो आणि आमचं दुकान ते बघतात.

"काय व शास्त्रज्ञ," ते म्हणाले, "मोठीआईले गटाराचं पानी पाजतं म्हनते?"

"गटार नाही काका, पन्हळ."

"मंग ते राजपाल काहून गटर गटर करून राह्यला चौकात?"

राजपाल म्हणजे पत्र्याचं काम करणारा. मी त्याला 'बॉक्स गटर' असा शब्द आदल्या संध्याकाळी एकदाच सांगितला होता. एका शब्दाला गावभर पसरायला किती वेळ लागतो याचं मोजमाप मी नंतर करीन म्हणून ठेवलं आहे. त्या दिवसापासून घरात तो शब्द उच्चारायचा नाही असं ठरलं. राजपालला मी 'पन्हळ' म्हणायला शिकवलं. तो माझ्यासमोर पन्हळ म्हणायचा आणि हातोड्याशी बोलताना गटर म्हणायचा.

मधल्या काळात पप्पांना कुणीतरी सांगितलं की पाऊस अडवण्यासाठी सरकारी मदत मिळते. मी तालुक्याला एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी कागद शांतपणे वाचले.

"फोटो लागीन. लाभार्थी, दुकानाची पाटी आन् काम, तिन्ही एका फोटोत."

"काम कठड्याच्या मागे आहे. रस्त्यावरून दिसत नाही."

"मंग दिसन असं करा."

"न दिसणं हाच कठड्याचा उपयोग आहे, सर."

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. "मॅडम, कठडा काढा, फोटो काढा, कठडा बांधा." त्यांच्या दृष्टीने हा तीन पायऱ्यांचा सोपा प्रयोग होता. मी कागद घेऊन परत आले. एसटीच्या खिडकीतून सोयाबीनची हिरवी शेतं मागे जात होती. त्यांच्यावर ढगांच्या सावल्या दोनशेला एकपेक्षा बऱ्याच कमी उताराने सरकत होत्या. मला सरकारबद्दल काही वाटेनासं झालं.

राजपालने काम सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी आमचा उतारावरून वाद झाला. त्याचं म्हणणं, पन्हळ कठड्याला समांतर हवी, तिरपी वाईट दिसेल.

"कोणाला दिसेल? कठड्याच्या मागे आहे ना."

"मले दिसन ना! म्या केलं ते."

या मुद्द्याला भौतिकशास्त्रात उत्तर नाही. शेवटी पन्हळीचा तळ तिरपा आणि वरची कड सरळ, असा तोडगा निघाला. पाइपचं तोंड तिसऱ्या भोकापाशी यायचं होतं. तिथे ते नीट बसावं म्हणून राजपालने पत्रा ठोकून बशीसारखा खोलगट केला आणि मग भोकातून बाहेर डोकावून तो चटकन मागे झाला.

"अबे! इथं तं गांधीलमाश्या हायेत. बाई, जुना टायर जाळतो. धूर देतो, पाच मिनिटात साफ."

अंगणातून मोठीआईचा आवाज आला. ती वर्षानुवर्षं छपरावर चढली नव्हती, पण तिचा आवाज रोज चढायचा. "कोन धूर देऊन राह्यला रे? घर कोनाचं हाय ते?"

"माश्यांचं, मोठीआई."

"मंग त्यायले विचारलं काय?"

विचारणं शक्य नव्हतं. पाइपचं तोंड दीड फूट अलीकडे घ्यावं लागलं. तिथे नवं भोक, नवा पाइप. बशीसारखा खोलगा मात्र जुन्या जागीच राहिला. मी पन्हळीत बादलीभर पाणी ओतून पाहिलं. सगळं पाणी शहाण्यासारखं पाइपकडे गेलं, आणि खोलग्यात एक डबकं उरलं. अकरा मिलिमीटर खोल.

पन्हळीत पाणी साचणं हा पन्हळीचा सर्वांत मोठा दोष. पुस्तकांत तो पहिल्या पानावर असतो. मी राजपालला दाखवलं. त्याने तळव्याने पत्रा दाबला. डबकं चार बोटं डावीकडे गेलं. टाचेने दाबला. उजवीकडे आलं. दुपारभर आम्ही ते डबकं पन्हळीतून गाईच्या वासरासारखं हाकत होतो आणि ते फिरून फिरून गोठ्यात येत होतं.

"थोडंसं राह्यतेच बाई," राजपाल म्हणाला. "मानसाच्या डोळ्यात नाई काय राह्यत?"

नंतरचे काही दिवस मी रोज दुपारी वर जायचे, डबक्याजवळ पाठ टेकून पडायचे. कठड्याच्या आत पडलं की केनवड दिसत नाही. फक्त आभाळ आणि खालून येणारे आवाज. अकरा मिलिमीटरमध्येही आभाळ पूर्ण मावायचं, हे मात्र मान्य करायला हवं. पांढरे ढग त्या बशीत एका कडेने शिरायचे आणि दुसऱ्या कडेने निघून जायचे. खाली शालिग्रामकाका कुणाला तरी सांगत असायचे, "पोरगी हुशार हाय. पन पानी पुढं जाऊन नाई राह्यलं तिचं." माझा दोष रस्त्यावरून दिसत नसला तरी ऐकू येत होता.

कठड्यातल्या आडव्या फटीचं काय झालं तेही सांगते. ती नेमकी दुकानाच्या पाटीच्या वर येत होती. पप्पा रस्त्यावर उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले.

"पानी पाटीवर पडन."

"पाइप तुंबला तरच पडेल, पप्पा."

"तुंबन काय?"

मी काय म्हणणार? 'तुंबेल' म्हणावं तर माझ्या आराखड्यावर माझाच विश्वास नाही, आणि 'तुंबणार नाही' म्हणावं तर फट हवी कशाला. मी म्हटलं, "तुंबू नये." व्याकरणातल्या या विध्यर्थाने घात केला. पप्पांनी तिसऱ्या दिवशी सिमेंट लावून फट बंद केली.

आणि मग सरिताताई आल्या. त्या आमच्या भागातल्या आशा कार्यकर्त्या, दर आठवड्याला डासांच्या अळ्यांसाठी घरोघरची भांडी तपासतात. भांड्यांच्या दुकानात त्यांना किती वेळ लागत असेल याची कल्पना करा. त्यांनी नवी टाकी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अंगुरीकाकू, यात डास होतीन. गप्पी मासे आनून देऊ काय? फुकट भेटतात."

"मासे काय खातात व?"

"अळ्या."

मोठीआईने सरिताताईंकडे अशा नजरेने पाहिलं की त्या स्वतःच दोन पावलं टाकीपासून लांब सरकल्या. "बरं, मासे नको. पन काकू, पानी जिथून आत जाते तिथं कापड बांधजा. घट्ट. डास जाले नाई पायजे."

"कापड," मोठीआई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच आरोग्य खातं आणि धर्म एकाच गोष्टीवर बोलत होते.

मी तेव्हा रिसोडला स्क्रू आणायला गेले होते. मोठीआईने राजपालला बोलावून पाणी गाळायचं जाड सुती कापड, दुहेरी घडी करून, पन्हळीतल्या पाइपच्या तोंडावर बांधून घेतलं. टाकीत उतरणारं पाणी आधीच गाळलेलं असावं. राजपालने चांगलं बांधलं. तो जे करतो ते चांगलंच करतो.

पाऊस आधीच येऊन गेलेला होता आणि आता त्याने दडी मारली होती. भाद्रपदात, आमच्या दशलक्षण पर्वाच्या तोंडाशी, बाजाराच्या दिवशी, दुपारी तो परत आला. दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं. मी मोजपट्टी घेऊन अंगणात टाकीजवळ धावले. मोठीआई लोटा घेऊन शेजारी उभी राहिली. पप्पा आले, शालिग्रामकाका आले, सरिताताई छत्री मिटून आल्या. आभाळ धो धो पडत होतं. पाइपमधून काही येत नव्हतं.

"दूरून येऊन राह्यलं असन," शालिग्रामकाका म्हणाले.

मी मनात वेळेचं गणित केलं. पाणी दोनदा येऊन जायला हवं होतं.

तेवढ्यात दुकानातून आवाज आला. टिंग. मग जरा थांबून टुंग, मग टिंगटिंग. आम्ही आत धावलो. पन्हळ तुडुंब भरून पाणी पत्र्यांच्या खालून आत आलं होतं आणि अख्ख्या छताला समान वाटून, अत्यंत न्यायाने, खाली टपकत होतं. खाली भांडी होती. पातेली, परात, घंगाळं, कळशा, डबे, वाट्या, चमचे, हंडे. प्रत्येकाचा सूर वेगळा आणि भरत जाईल तसा बदलणारा. कुणी ओरडलं नाही. बाजारातली माणसं खांद्यावर पिशव्या घेऊन उभी राहून ऐकत होती. एका बाईने घ्यायला हातात धरलेली परात तशीच धरून ठेवली होती आणि ती तिच्या हातात वाजत होती. वरून येणाऱ्या उजेडात सगळं दुकान थरथरत होतं, जणू आम्ही कुठल्या तरी मोठ्या, शांत जनावराच्या पोटात उभे होतो आणि त्याला गोड स्वप्न पडत होतं.

पप्पा म्हणाले, "अपूर्वा, हे तं तुंबलं."

मी शिडीकडे पळाले. वर पन्हळीचा कालवा झाला होता. पाइपच्या तोंडावर कापड फुगून गच्च बसलं होतं. मी ते उपटायला हात घातला.

"ओढू नको!"

मागे मोठीआई होती. सत्तरी ओलांडलेली, पदर खोचलेला, शिडीच्या शेवटच्या पायरीवर. तिच्या मागे खालून पप्पांचा "वहिनी! वहिनी!" असा आवाज.

"उलटं नको करू. चारी कोपरे धर आन् वर उचल. त्यात जीवाणी हाय."

मी चारी कोपरे धरून कापड उचललं. पन्हळीने मोठा श्वास घेतला आणि पाणी पाइपातून धडधडत निघालं. खाली अंगणात शालिग्रामकाका ओरडले, "आलं! आलं!" दुकानातले सूर एकेक करून थांबत गेले. पाऊसही त्याच सुमारास, आपलं काम झाल्यासारखा, बारीक झाला. आम्ही दोघी कठड्याच्या आत चिंब उभ्या होतो. माझ्या हातात कापडाची झोळी.

"आता हे कुठं सोडू?" मी विचारलं.

मोठीआई उत्तर द्यायला गेली आणि थांबली. जिथून पाणी आलं तिथे. तिने वर पाहिलं. मीही पाहिलं. ढग करडे, पसरट, कुणाचीही वाट न बघता पूर्वेला चालले होते.

माझ्या आराखड्यात पाणी येण्याची सोय होती, जाण्याची होती, तुंबल्यास बाहेर पडण्याचीही होती. परत जायची नव्हती.

"मोठीआई, हे इथेच पत्र्यावर सोडलं तर वाफ होऊन वर जाईल."

"पान्याची होते वाफ. जीवाची होते काय व?"

होत नाही. कापड गळत होतं. ती पेटी बांधत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी पाहिलं होतं तसं काहीतरी परत यायला लागलं.

"मी सांगत होती," ती हळू म्हणाली. "विहीर ते विहीर. जऊळक्याले..." ती बोलता बोलता थांबली. पन्हळ रिकामी झाली होती आणि तिच्या टोकाला, गांधीलमाश्यांच्या भोकापाशी, एवढंसं आभाळ चमकत होतं.

"ते काय व?"

मला लपवावंसं वाटलं, पण पन्हळ वीस सेंटिमीटर रुंद आहे. मी म्हटलं, "चूक आहे. माझ्या पन्हळीतलं पाणी तिथे साचून राहतं. राजपालकडून सपाट करून घेणार आहे."

"आभाळातूनच आलं ना ते?"

"हो."

"कोनी न गाळलेलं?"

"हो. पाइपच्या तोंडापलीकडे आहे ते. कापडातून गेलेलंच नाही."

"मंग सपाट काहून करतं?"

ती पन्हळीशी वाकली. लोटा अजून तिच्या कमरेला होता, सकाळच्या गाळलेल्या पाण्याचा. तिने कापड माझ्या हातातून घेतलं, डबक्यावर उलटं धरलं आणि वरून बारीक धार सोडली. कापडातून पाणी अकरा मिलिमीटरमध्ये उतरलं. डबक्यातलं आभाळ हललं आणि परत जागेवर आलं.

दुकानात अठ्ठ्याण्णव भांड्यांत पाणी होतं. मोठीआईने ते सगळं गाळून घेतलं. शालिग्रामकाका पप्पांना म्हणाले, "कस्तुरशेठ, आता हे भांडे शेकंडहँड झाले." पप्पांचा स्वाभिमान दुखावला. त्यांनी त्याच संध्याकाळी दाराशी पाटी लावली : 'आमच्याकडील भांडी पाणी भरून तपासलेली आहेत.' दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः छिन्नी घेऊन कठड्यातली फट उघडली. राजपालने पाइपच्या तोंडावर कापडाऐवजी तारेची जाळी बसवली आणि टाकीच्या पाइपलाही बारीक जाळी लागली. गाळणं मोठीआईच्या हातात, लोट्यापाशी परत आलं.

राहिला प्रश्न जीवाणी रोज वर पोचवायचा. मोठीआईला रोज शिडी चढू देणं पप्पांना मान्य नव्हतं, आणि माझ्यावर सोपवणं मोठीआईला. विहिरीवर यासाठी बुडाला कडी असलेला लोटा असतो. तो दोराने खाली पाण्यापर्यंत सोडायचा आणि तिथे उलटा करायचा. मी विचार केला, आमची विहीर वर आहे, एवढाच फरक. कठड्याला लोखंडी हात, हाताला गडारी म्हणजे कप्पी, आणि डबक्याच्या वर एक आकडा. अंगणातून दोर ओढला की लोटा वर जाईल, बुडाची कडी आकड्यात अडकेल आणि लोटा डबक्यावर तिरपा होईल.

पहिल्यांदा तो अर्ध्या वाटेत, शालिग्रामकाकांच्या टोपीवर तिरपा झाला. साधं पाणी होतं, पण काका जागचे हलेनात. "बाई, आता माह्या डोक्यात जीव हायेत. मले कुठं सोडता?" त्यांना पन्हळीपर्यंत चढवण्याचा प्रस्ताव आला आणि बारगळला.

राजपालला मी खोलगा आणखी खोल करायला सांगितला. अकरा मिलिमीटर पाणी उन्हात दोन-तीन दिवसांत उडतं. त्याने हातोडा खाली ठेवला.

"मागल्या महिन्यात तुमीच मले म्हन्लं का हे चूक हाय."

"हो."

"आता म्हन्ता मोठी चूक कर."

"तीस मिलिमीटरची."

त्याने ती केली, सुंदर केली. सरिताताईंनी डबक्यावरही डासांची जाळी हवी म्हणून बजावलं. जाळीतून जीवाणी जाते, डास जात नाही, हे मी त्यांना करून दाखवलं. गांधीलमाश्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही.

गडारीला दोर नव्हता. पप्पा बाजारातून सुती दोर आणायला निघाले, तेव्हा मोठीआई म्हणाली, "थांबा भाऊजी." ती घरात गेली. बराच वेळ गेला. मग निळी नायलॉनची दोरी घेऊन बाहेर आली. दोरीला चौकोनी पेटीच्या चार कोपऱ्यांचे चार मोड पडलेले होते. पप्पांनी ती हातात घेतली, मोड अंगठ्याने दाबून सरळ करायचा प्रयत्न केला आणि ती माझ्याकडे दिली.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी छपरावर गेले. पहाटे अवेळी एक हलकीशी सर येऊन गेली होती. पत्रे धुतलेले, आभाळ उंच. गडारी कुरकुरली. कठड्याच्या कडेवरून आधी निळी दोरी थरथरताना दिसली, मग लोटा सावकाश वर आला, आकड्याशी जरा अडखळला, तिरपा झाला. पाणी जाळीतून उतरलं. वर्तुळं कडेला जाऊन विरली.

"अपूर्वा," अंगणातून आवाज आला, "किती हाय व?"

मी पाणी स्थिर होऊ दिलं आणि मोजपट्टी उभी धरली.

सव्वीस मिलिमीटर.